आरोप, पुरावा आणि बचाव

घरातल्या कुणावर गंभीर गुन्हा दाखल झाला की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत पहिली धावपळ होते ती ओळखीपाळखी शोधण्याची. मग सद्वर्तनाचे दाखले गोळा केले जातात आणि आमच्या घराण्यात असे कधी घडले नाही, हे ठाण्यात जाऊन पुन्हा पुन्हा सांगितले जाते. चांगल्या चारित्र्याला कायद्यात थोडे स्थान आहे, नाही असे नाही. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न निराळा असतो. नोंदवलेला नेमका आरोप सरकार पक्षाने वाजवी संशयापलीकडे सिद्ध केला आहे काय, एवढेच तेथे तपासले जाते आणि बचाव पक्षाचे बहुतेक काम याच एका प्रश्नाभोवती चालते.

समजा, तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधील एखाद्या पेढीच्या हिशेबनिसावर रकमेचा अपहार केल्याची फिर्याद झाली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 (4) नुसार नोकराने केलेल्या अशा विश्वासघाताला 7 वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे आणि हा गुन्हा अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, अशी समजूत करून घरचे हातपाय गाळतात. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच, की जामीन हक्क म्हणून मागता येत नाही. तो द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवते. शिवाय 7 वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांनी नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस येते. ती हातात पडल्यावर गावाला निघून जाणे हा सर्वांत वाईट सल्ला, आणि नेमका तोच देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. अटकेची धास्ती खरी असेल, तर सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

चौकशीच्या वेळी 'खरे ते सगळे सांगून टाक' हा उपदेशही जपून घ्यावा. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 (3) नुसार करता येत नाही आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मात्र याला एक अपवाद आहे. कोठडीतल्या हिशेबनिसाने 'दुसरी वही माळ्यावर ठेवली आहे' असे सांगितले आणि ती तिथेच सापडली, तर त्याच्या जबाबातला तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणूनच चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे, तो अटक झालेल्याने बोलण्याआधीच वापरावा. कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नये.

अटकेनंतर 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढची मुदत मात्र घरचे विसरतात. आपल्या उदाहरणातल्या गुन्ह्यात, पहिल्या रिमांडपासून, म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी प्रथम कोठडी दिल्यापासून, 60 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षे वा त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यांत ही मुदत 90 दिवसांची आहे. हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो, नाहीतर तो हातचा जातो.

दोषारोपपत्र, ज्याला इथल्या कचेरीत सगळे चालानच म्हणतात, हाती आल्यावर वकिलाचे खरे वाचन सुरू होते. आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत त्याच्या प्रती विनामूल्य मिळायला हव्यात. रक्कम कमी पडल्याचे पेढीच्या लक्षात कधी आले आणि फिर्याद कधी झाली? मधल्या दिवसांत वह्या कुणाच्या ताब्यात होत्या? मालाची मोजदाद प्रत्यक्ष झाली, की फक्त संगणकावरचे आकडे धरले? संगणकाचा पासवर्ड आणखी किती जणांना ठाऊक होता, आणि त्या नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, म्हणजे संगणकीय नोंद पुराव्यात दाखल करण्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडले आहे काय? 1 जुलै 2024 पासून झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे; ते चित्रीकरण पंचनाम्यातल्या वेळेशी जुळते का, हेही पाहावे लागते. अशा पानापानांतून कधी असे दिसते, की हा मुळात पगार आणि उचल यांचा दिवाणी तंटा होता. तसे असेल तर प्रती मिळाल्यापासून 60 दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज करावा, म्हणजे खटला उभा राहण्याआधीच संपण्याची शक्यता असते.

यासाठी वकील मोठ्या नावाचाच हवा असे नाही. कागद शांतपणे वाचणारा हवा. तोही परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. 1987 च्या कायद्याने कोठडीतल्या व्यक्तीला ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते, आणि तो अर्ज तुरुंगातूनही पाठवता येतो.