चुन्याचं घर

नमस्कार श्रोतेहो.

माझं लहानपण कसबा पेठेतल्या एका वाड्यात गेलं. तो वाडा पाडला, तेव्हा मी परदेशात होते. कदाचित म्हणूनच इटलीत, टस्कनीतल्या एका खेड्यात, पडकं दगडी शेतघर दिसलं आणि मला तिथून पाय काढवेना. खाली गुरांचा गोठा, वर माणसं. आपल्याकडचंच वाटावं असं. तिकडचे शेतकरी जमीनदाराची शेती अर्धेलीनं करायचे. १९६४च्या कायद्यानं असे नवे करार बंद झाले. माणसं तर त्याआधीपासूनच शहरांकडे निघाली होती. घरं ओस पडली.

आम्ही छप्पर आधी नीट केलं, ते बरं केलं. चुकलो ते भिंतींत. आधीच्या कुणीतरी केलेला सिमेंटचा गिलावा ओलीनं फुगला होता. आम्ही तो जागोजागी खरवडला आणि वर पुन्हा सिमेंटच थापलं. एका हिवाळ्यात सगळीकडे बुरशी! गावातल्या एका वृद्ध गवंड्यांनी भिंतीवर तळवा टेकवला आणि म्हणाले, "सगळं काढा."

दोन फूट जाडीच्या त्या जुन्या भिंतीत जमिनीतली ओल वर चढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाफ होऊन निघून जाते, सिमेंट तिला आत कोंडतं. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मग तो चुना पाण्यात विरवायचा, वाळूत कालवायचा. भिंतीवर बसला की हवेतला तोच वायू तो सावकाश परत घेतो आणि पुन्हा दगड होऊ लागतो. उन्हानं भराभर सुकला तर मात्र भुगा होतो, म्हणून आम्ही ओली पोती टांगून ठेवायचो.

माझी आजी चुन्याच्या घाणीचं सांगायची. बैल गोल फिरताहेत, दगडी चाकाखाली चुना मळला जातोय, त्यात गूळ, बेलफळ. हे माझ्याच गावचं ज्ञान, आणि मी ते इतक्या दूर जाऊन शिकले, याची हळहळ वाटते. तुमच्यापैकी कुणी भोर-मुळशीकडे जुनं घर घेतलं असेल, तर कळकळीनं सांगते, सिमेंटची गोणी फोडण्याआधी चुन्यात काम केलेला गवंडी शोधा.

आमची वरची एक खोली अजून उघड्या दगडांची आहे. ओला चुना गोठला तर निसटून पडतो. तिचं काम आता बर्फ सरल्यावर.