हत्तीसमोरचं प्यादं

(नागपुरात धरमपेठेत बुद्धिबळ शिकणारी मुलं आणि त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी मी एकदा तिसऱ्याच खेळीला हत्तीसमोरचं प्यादं दोन घरं पुढे सारलं होतं. समोरचे काका म्हणाले, "कायले हात लावून राहिला बे त्याले? आधी घोडे काढ, किल्लेकोट कर." तेव्हा ते बरोबरच होतं. आज त्याच प्याद्याबद्दल बोलायचंय. पण आधी वजिराच्या प्याद्यापासून सुरुवात करू.

वजिरासमोरचं प्यादं डी-४ वर (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; मोहऱ्याचं नाव नसेल तर खेळी प्याद्याची) टाकलं की डाव संथ होतो, ही समजूत जुनी. १९२७ मध्ये ब्यूनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखिन विश्वविजेतेपदासाठी ३४ डाव खेळले, त्यातले ३२ 'क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड'चे, म्हणजे पांढऱ्याने पुढे केलेलं सी-४ वरचं प्यादं काळा मारत नाही, त्या सुरुवातीचे. अडीच महिने रोज वरणभातच!

मग इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे संगणक प्रोग्रॅम, आली. २०१७ च्या शेवटी अल्फाझीरो, २०२० मध्ये स्टॉकफिशलाही न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकी रचना) जोडलं गेलं. जवळजवळ प्रत्येक भक्कम बचावापुढे इंजिन शेवटी एकच आकडा दाखवतं : शून्य. बरोबरी. वीस खेळ्या पाठ करून पांढऱ्याच्या हाती काय, तर शून्य. म्हणून मोठे खेळाडू आता सर्वोत्तम खेळी शोधत बसत नाहीत. समोरच्याने घरी न पाहिलेली, तरीही वाईट नसलेली खेळी शोधतात.

लंडन सिस्टीम या पांढऱ्याच्या ओपनिंगचंच, म्हणजे डावाच्या ठरावीक सुरुवातीचंच, घ्या. उंट एफ-४ वर, मागे ई-३, सी-३. आमच्या वेळी हिला आळशांची ओपनिंग म्हणत (मीही म्हणायचो). २०२३ मध्ये अस्तानाला विश्वविजेतेपदाच्या सहाव्या डावात, एका गुणाने मागे असताना, डिंग लिरेनने नेपोम्नियाशीविरुद्ध तीच काढली आणि जिंकला.

काळाही मागे नाही. डी-४ डी-५, सी-४ ई-६, घोडा सी-३, आणि आता ए-६! दिसायला रिकामी खेळी. पण पांढरा बेसावध राहिला तर काळा सी-४ वरचं प्यादं मारून बी-५ने ते धरून ठेवू बघतो.

आता हत्तीसमोरचं प्यादं. मुलांनो, पट लावा. डी-४ घोडा एफ-६, सी-४ जी-६. काळ्याच्या मनात ग्रुनफेल्ड बचाव आहे, म्हणजे पुढे डी-५ खेळून मध्यावर हल्ला. इथे तिसरीच खेळी : एच-४. काळ्याने नेहमीसारखा उंट जी-७ वर आणला, पांढऱ्याने घोडा सी-३ वर. काळा डी-५ खेळला की एच-५! घोड्याने ते प्यादं खाल्लं तर? बघा, डी-५ची राखण करणारा घोडा पटाच्या कडेला गेला. पांढरा सी-४ वरच्या प्याद्याने डी-५ मारतो, मग ई-४ येतं, मध्य त्याचा. शिवाय हत्तीपुढची रांग मोकळी. एका प्याद्याच्या बदल्यात एवढं मिळतं.

पालकांपैकी कुणीतरी मघाशी विचारलं, मग काळ्याने करायचं काय? तिसऱ्या खेळीला सरळ सी-५. पांढरं प्यादं डी-५ वर सरकलं की बी-५ नाहीतर ई-६. डाव बेन्को-बेनोनी या वेगळ्याच बचावांच्या वाटेला लागतो. तिथे पांढऱ्याचं एच-४ किती कामाचं, याचा खल अजून चालूच आहे. पण ज्याने फक्त ग्रुनफेल्ड घोकलंय, तो चौथ्या खेळीपर्यंत परक्या गावात उतरलेला असतो, आणि घड्याळ त्याचंच चालू असतं.