दुसरा मोल्ट पास

(दृश्य: सकाळ. काळ्या कागदाची घडी उलगडली जाते.)

रेशीमकिड्याच्या अंड्यांवर काळा ठिपका दिसू लागला की ती अशी काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवायची. ठरलेल्या सकाळी कागद उघडला, उजेड पडला, की अळ्या एकदमच बाहेर येतात. मागेपुढे निघाल्या तर पुढचं सगळंच मागेपुढे होतं आणि बॅच हातची जाते. म्हणून हा कागद, हे काम सांभाळणाऱ्या ताई दुसऱ्या कुणाला उघडू देत नाहीत.

वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. कापूस, तूर, सोयाबीनचं गाव. आणि ही चॉकी. रेशमाच्या अळ्या पहिल्या दोन अवस्था इथं काढतात. दुसरा मोल्ट, म्हणजे दुसऱ्यांदा कात टाकणं, पास झाला की त्या शेतकऱ्याच्या शेडवर जातात. एका मादीनं घातलेली अंडी म्हणजे एक अंडीपुंज. १०० अंडीपुंजांतून चाळीसेक हजार अळ्या निघतात. ट्रेमध्ये दिसतायत त्या जेमतेम तीन मिलिमीटरच्या. त्यांना तुतीच्या शेंड्याचं कोवळं पान लागतं, तेही बारीक चिरून. खोलीत २७ अंश तापमान आणि ८५ टक्के ओल. विदर्भाच्या हवेत ही ओल टिकवणं हेच अर्धं काम आहे. भिंतीला ओली पोती, खाली पाण्याचे टोपले.

(दृश्य: वही, जवळून.)

ही वही बघा. तारीख, वेळ, तापमान, पान किती दिलं, शेरा. समास आखलेला, शीर्षकाखाली दोन रेघा. डी.एड.ला पाठाचं टाचण काढतात तसं.

ताईंनी डी.एड.च केलंय. महाराष्ट्रात पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, २०१३ साली झाली. त्यानंतर आमच्या भागातल्या किती पोरापोरींची उमेदीची वर्षं परीक्षा आणि भरतीची वाट यांत गेली, ते गावागावांत विचारून बघा. ताई परीक्षा पास झाल्या. नोकरी लागली नाही. लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हा सासऱ्यांनी रोजगार हमीतून एक एकर तुती लावली होती. चॉकीतल्या अळ्या दुरून यायच्या, रात्रभर गाडीत. ट्रे उतरवेपर्यंत पान वाळलेलं आणि अळ्या सुस्त. पुढं तीच बॅच रोगाला बळी पडायची. आमच्याकडं तुती उपटून पुन्हा कपाशी लावणाऱ्यांपैकी अनेकांचं दुखणं हेच होतं. नीट चॉकी गावाजवळ मिळत नव्हती.

त्या वर्षी रेशीम कार्यालयाचं प्रशिक्षण ऐन वेचणीत आलं. घरातलं कुणीतरी जायला हवं होतं, ताई गेल्या. अनुदानाचे कागद समजून घ्यायचे आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं. तिथं कुणीतरी विचारलं, तुमच्या भागात चॉकी कोण करेल? वेळ पाळणारं, नोंद ठेवणारं, एका जागी बसणारं माणूस हवं. ताईंनी हात वर केला. मग म्हैसूर. केंद्रीय रेशीम मंडळाची संस्था तिथं आहे. भाषा कळत नव्हती, मुलगी लहान होती. सासूबाईंनी तिला सांभाळलं. त्या कॅमेऱ्यासमोर यायला तयार झाल्या नाहीत. पण त्या नसत्या तर ही चॉकी उभीच राहिली नसती, हे इथं सांगायलाच हवं.

(दृश्य: अळ्या मोल्टवर. डोकी वर, हालचाल नाही.)

अळ्या मोल्टवर बसल्यात. आता पान बंद. वरून चुन्याची भुकटी, खिडक्या उघड्या, बिछाना कोरडा. नवख्या माणसाला कीव येते आणि तो पान टाकतो. आधी उठलेल्या अळ्या खातात, बाकीच्या मागं पडतात. सगळ्या उठेपर्यंत ताई थांबतात.

(पहिलं पान पडतं. इथं निवेदन नको, आवाज राहू द्या.)

शेजारच्या धुऱ्यापलीकडं कपाशी आहे. फवारणीचा वारा तुतीवर आला की ते पान विष. पहिल्या वर्षी यावरून भांडणं झाली. आता शेजारी आदल्या दिवशी फोन करतो, "वहिनी, उद्या फवारा मारतो जी." ताई पान आधीच तोडून ठेवतात. पंचनाम्यानं झालं नसतं ते या एका फोननं झालं.

घर यावर चालतं. मुलगी आर्वीला शाळेत जाते. यंदा शिक्षक भरतीचा अर्ज ताईंनी भरला नाही.

(दृश्य: ट्रे गाडीत चढतायत.)

दुसरा मोल्ट पास. उन्हं चढायच्या आत गाडी निघते. ट्रे देताना ताई प्रत्येकाला तेच सांगतात: तंबाखूचा हात लावू नका, ओलं पान टाकू नका, शेडमध्ये चप्पल नको. शेवटच्या अवस्थेत अळी तिच्या जन्मभराच्या पानातलं ८० टक्क्यांहून जास्त पान खाते, तेव्हा तुती पुरेल का, ते आजच मोजा. कुणी मान डोलावली की त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतात.

अडीच-तीन आठवड्यांत या अळ्या कोष विणायला चंद्रिकेवर, म्हणजे त्यासाठीच्या जाळीवर, चढतील. तोवर चॉकीची खोली ब्लीचिंगनं धुवायची, रॅक उन्हात टाकायचे. पुढच्या अंडीपुंजांची मागणी कालच नोंदवली आहे.