बुटक्या पायांचे विमान

मुंबई विमानतळावर एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७-८०० दिसले, तर त्याच्या इंजिनाचे तोंड नीट पाहावे. वरून ते गोल आहे, खालून मात्र चपटे, कारण जमीन फार जवळ आहे. पलीकडच्या एअरबस ए३२० ला ही अडचण नाही.

७३७ पहिल्यांदा उडाले १९६७ साली. लहान विमानतळांवर सामान हातांनी चढवता यावे म्हणून ते मुद्दाम बुटके ठेवले होते, आणि त्या काळच्या सडपातळ इंजिनांना तेवढी जागा पुरत होती. वीस वर्षांनी उडालेले ए३२० उंच पायांचे होते. (एअरबसच्या दूरदृष्टीमागे युरोपीय सरकारांच्या कर्जाचे पाठबळ होते, हेही विसरता कामा नये.)

डिसेंबर २०१० मध्ये एअरबसने नव्या, इंधन वाचवणाऱ्या इंजिनांचे ए३२० निओ जाहीर केले आणि जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स या बोइंगच्या हक्काच्या गिऱ्हाइकाने एअरबसची २६० विमाने मागवली. बोइंगमध्ये तोवर संपूर्ण नव्या विमानाचा विचार चालला होता. तो बाजूला पडला आणि महिन्याभरात जुन्याच सांगाड्यावर ७३७ मॅक्स बेतण्याचे ठरले. पण नवी इंजिने जाड होती: निओच्या लीप इंजिनाचा पंखा ७८ इंची आहे, मॅक्सखाली ६९ इंचीच मावला, आणि तोही पुढे व वर सरकवून. त्यामुळे काही स्थितींत विमानाचे नाक वर उचलले जाऊ लागले. ते खाली दाबण्यासाठी एमकॅस ही संगणकप्रणाली बसवली, ती एकाच संवेदकावर (सेन्सरवर) विसंबून होती, आणि वैमानिकांच्या माहितीपुस्तकात तिचा उल्लेखही नव्हता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या लायन एअरचे मॅक्स विमान जावा समुद्रात कोसळले आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे मॅक्स इथिओपियात. एकूण ३४६ माणसे गेली.

नव्या विमानासाठी पैसा नव्हता म्हणावे, तर २०१३ पासूनच्या सहा-सात वर्षांत बोइंगने स्वतःचेच समभाग परत विकत घेण्यावर सुमारे ४३ अब्ज डॉलर खर्चले होते. मॅकडोनेल डग्लस या दुसऱ्या विमान कंपनीशी १९९७ मध्ये विलीनीकरण झाले आणि २००१ मध्ये मुख्यालय सिएटलहून शिकागोला गेले. विमानजोडणीचे कारखाने मागेच राहिले, म्हणजे निर्णय घेणारे विमाने बनवणाऱ्यांपासून दूर गेले. दूरचा हिशेब एअरबसचाही चुकला आहे: अवाढव्य ए३८० ची अवघी २५१ विमाने खपली. पण तो तोटा ताळेबंदात मावला.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मॅक्सवरची उड्डाणबंदी उठून पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा एमकॅस दोन संवेदक ताडून पाहू लागले होते. पाय मात्र बुटकेच होते.