तालमीतली वही

नमस्कार, श्रोतेहो.

चैत्र लागला की सांगली-साताऱ्याकडे गावोगावच्या यात्रा सुरू होतात, आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या इनामी जोडीपर्यंत सगळा गाव हलगीच्या तालावर बसून असतो. आज मी त्या मैदानाबद्दल बोलणार नाही. त्याआधी पावसाळ्यात आणि थंडीत तालमीत जी मेहनत चालते, तिच्याबद्दल बोलणार आहे. ती बघायला कुणी येत नाही आणि तिची नोंदही कुठं राहत नाही. ती नोंद शिकणाऱ्यानं स्वतः ठेवावी, साध्या शंभरपानी वहीत, असं माझं म्हणणं आहे. मग तो कुस्ती शिकत असो, ज्युदो, कराटे किंवा दांडपट्टा.

हे म्हटलं की जुनी माणसं हसतात. "लिवून कुठं कुस्ती येती व्हय?" असं मला तोंडावर ऐकवलेलं आहे. त्यांचं चूक नाही. पूर्वी पोरगा तालमीतच राहायचा, एकाच वस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं घासून निघायचा. कुणाचा गुडघा दुखरा आहे, कोण डाव्या बाजूनं कच्चा आहे, कोण काल रात्री जागला आहे, हे सगळं वस्तादाच्या डोक्यात असायचं. तीच त्या पोराची वही होती म्हणा ना. आताचा पोरगा पहाटे गावच्या तालमीत हौद्यातल्या लाल मातीवर लढतो, दिवसा कॉलेजला जातो, संध्याकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी मॅटवर सराव करतो आणि मे महिन्यात तिसऱ्याच प्रशिक्षकाच्या शिबिराला जातो. प्रत्येक जण त्याला थोडं थोडं ओळखतो. त्याचा पुरा हिशेब कुणाकडेच नसतो.

माती आणि मॅट हा फरक आपल्या भागाला नवा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले, तेव्हा मॅट आणि तिथले नियम त्यांना परके होते. तरी ते फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीला, बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मधल्या चार वर्षांत ते वरच्या वजनगटात गेले होते आणि मॅटवरची लढत अंगवळणी पडली होती. मातीवर समोरच्याची पाठ टेकवायची, बास. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती आणि प्रत्येक पकडीचा गुण वेगळा. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. समोरच्याला नुसतं रिंगणाबाहेर ढकललं तरी एक गुण. मातीवर उत्तम लढणारा पोरगा मॅटवर कडेला उभा राहून असे गुण फुकट देत राहतो आणि घरी येऊन म्हणतो, "पंचांनी मारलं." कुठल्या मिनिटाला, कशाबद्दल गुण गेला हे त्याच रात्री लिहिलं, तर तिसऱ्या-चौथ्या स्पर्धेनंतर पंचांना दोष द्यायला तोंड राहत नाही.

आता लिहायचं काय? बहुतेक मुलं पहिल्या दिवशी लिहितात, "आज सराव चांगला झाला. खूप मजा आली." दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यात वही बंद. अशा लिखाणाचा उपयोग शून्य. वहीत कौतुक नको आणि रडगाणंही नको. डाव लिहावा. तोही नुसता नावानं नव्हे. "एकेरी पट केला", म्हणजे समोरच्याचा एक पाय धरण्याचा डाव केला, या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. असं लिहावं: उजवा पाय हातात आला, पण डोकं खाली गेलं. समोरच्यानं दोन्ही पाय मागं टाकले आणि अंगावर भार दिला. मी तिथंच अडकलो. ही झाली तीन ओळींची नोंद. तिच्यासमोर, त्याच पानावर, तोड, म्हणजे त्या डावावरचा उतारा, लिहावी. आपल्या तालमीत डाव शिकवताना तोड शिकवतातच, पण डोक्यात दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत पडतात. ढाक, मोळी, कलाजंग, धोबीपछाड, काहीही असो, एका बाजूला डाव आणि दुसऱ्या बाजूला त्याची तोड अशी पानं भरत गेली की तुमची स्वतःची पोथी तयार होते.

आणि शेवटी एक प्रश्न लिहावा. रोज एकच. "पाय हातात येतो, पण उचलायला गेलो की सुटतो. का?" माझ्या मते सगळ्या वहीत ही ओळ सर्वांत मोलाची. दुसऱ्या दिवशी तालमीत जाताना पाच मिनिटं ती वाचायची, म्हणजे लंगोट लावतानाच आज काय बघायचं ते ठरलेलं असतं. नाहीतर रोजचा सराव रोज नव्यानं सुरू होतो.

महिना-दोन महिने गेले की मागची पानं सलग वाचावीत. खरी गंमत तिथं आहे. पट सुटतो म्हणून पोरगा महिनाभर हाताच्या पकडीवर मेहनत करत असतो. वही वाचताना त्याच्या लक्षात येतं की पट सुटतो तो उंच जोडीदाराविरुद्धच, बुटक्याविरुद्ध कधीच नाही. म्हणजे दोष पकडीत नाही, आत शिरण्याच्या पावलात आहे. तो लांबून हात घालतो. एका दिवसाच्या नोंदीत हे दिसत नाही आणि मनात तर अजिबातच नाही, कारण मनाला कालची हार आठवते, पंधरा दिवसांपूर्वीची आठवत नाही.

लिहायचं कधी, तर त्याच दिवशी. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती टिकतात ते पाहायचं. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक गळून गेलेलं त्याला आढळलं. डाव म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत, अंगाची आठवण वेगळी असते. पण वस्तादांनी घाम पुसता पुसता सांगितलेलं वाक्य मात्र त्या अक्षरांसारखंच निसटतं. रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटं पुरतात. मोबाइलवर व्हिडिओ काढला की झालं, असं मुलं म्हणतात. व्हिडिओ जरूर काढावा. त्यात पाय कुठं पडला ते दिसेल, पण त्या क्षणी तुम्ही समोरच्याच्या खांद्याकडे बघत होता की कंबरेकडे, ते दिसणार नाही.

थोडं आकड्यांचं बोलू. अमेरिकेतले क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची एक पद्धत जगभरचे प्रशिक्षक वापरतात. तिला वही आणि पेन्सिल सोडून काही लागत नाही. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं स्वतःला विचारायचं: आजची मेहनत शून्य ते दहामध्ये किती जड गेली? त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटं सराव आणि जडपणा सहा, तर ५४०. आठवड्याची बेरीज करायची. ही बेरीज हळूहळू चढली तर अंग सोसतं. यात्रा तोंडावर आली म्हणून एकदम दुप्पट केली, तर खांदा किंवा गुडघा बोलायला लागतो. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजून लिहिली तर आणखी बरं. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त लागत असतील, तर त्या दिवशी जोर-बैठका कमी कराव्यात.

वजनाची नोंद तर सोडूच नये. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचून शंभर ग्रॅमसाठी अपात्र ठरली, तेव्हा आपण सगळेच हळहळलो. पण वजनाचा प्रश्न पदकापुरता नाही. १९९७ साली अमेरिकेत साधारण महिन्याभरात कॉलेजचे तीन मल्ल दगावले. रबरी कपडे घालून, गरम खोलीत व्यायाम करून अंगातलं पाणी काढण्याच्या नादात. त्यानंतर तिथले नियम बदलले. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात स्वेटर घालून पळणारी पोरं मी पाहतो आणि पोटात गोळा येतो. सरावाआधी आणि सरावानंतर वजन करून लिहिलं की मधली घट म्हणजे बहुतेक पाणीच, हे आपोआप समजतं. एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर. ते भरून काढायचं असतं, मिरवायचं नसतं.

दुखापतीही तारखेसह लिहाव्यात. कान सुजला, तर कुर्चेभोवती, म्हणजे कानाच्या मऊ हाडाभोवती, रक्त साठलेलं असतं. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांनी ते काढलं, तर कान वाचतो. मोडका कान हा पैलवानाचा दागिना मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. डोक्याला मार लागून चक्कर आली, तर मात्र वाद नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत लढत बंद, आणि ही तारीख पुढच्या प्रशिक्षकालाही दाखवायची. गजकर्ण उठलं तरी लिहावं आणि बरं होईपर्यंत जोडीदाराच्या अंगाला अंग लावू नये. एकाच्या अंगावरून ते सगळ्या तालमीत फिरतं.

कराटेच्या मुलांसाठी एक निराळी गोष्ट. त्यांच्या काताचा, म्हणजे एकट्यानं करायच्या हालचालींच्या मालिकेचा, क्रम ठरलेला असतो. शोतोकान या कराटेच्या शैलीतल्या हेआन शोदान या काताच्या एकवीस हालचाली कुठंही छापील मिळतात, त्या उतरवून काढण्यात अर्थ नाही. वळताना वजन पुढच्या पायावर होतं की मागच्या, श्वास कुठं अडकला, तेवढंच लिहावं. अगदी लहान मुलांनी तर लिहूच नये, काड्यांची माणसं काढावीत. सहा-सात वर्षांची मुलं त्यात मोठ्यांना मागं टाकतात.

पालकांना एक विनंती. मुलाची वही तपासू नका. शुद्धलेखनाच्या खुणा तर मुळीच करू नका. एकदा का वहीला शाळेचा वास लागला की मुलगा तुम्हाला आवडेल तेच लिहायला लागतो आणि हारलेल्या कुस्त्या पानांवरून गायब होतात. मुलींच्या बाबतीत हे जास्तच पाळावं. सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत आता मुली मोठ्या संख्येनं मॅटवर उतरतात. पाळीच्या दिवसांत सराव कसा गेला याची नोंद त्यांना पुढं फार उपयोगी पडते आणि ती त्यांची खासगी असते.

वस्तादांना मात्र आठवड्यातून एकदा वहीतला एखादा प्रश्न वाचून दाखवावा. पुष्कळदा ते तोंडानं उत्तर देत नाहीत. वही बाजूला ठेवायला लावतात, म्हणतात, "चल, उतर हौद्यात," आणि तोच पट धरायला सांगतात.

नमस्कार.