विमानतळ आहे, विमान कुठाय? छोट्या हवाई मार्गांचं खरं दुखणं

नमस्कार मंडळी.

२७ एप्रिल २०१७. पंतप्रधानांनी सिमल्यात 'उडान' योजनेतल्या, म्हणजे छोट्या शहरांना सरकारी अनुदानावर विमानाने जोडायच्या योजनेतल्या, पहिल्या विमानाला झेंडा दाखवला. सिमला-दिल्लीची ती बातमी सगळ्यांनी पाहिली. पण त्याच कार्यक्रमात आणखी दोन मार्ग सुरू झाले होते आणि त्यातला एक आपला होता, नांदेड-हैदराबाद. विमान ट्रूजेटचं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेट बंद पडली. नांदेडहून स्टार एअरची विमानं उडायला लागली ती थेट मार्च २०२४ च्या शेवटी. मधल्या दोन वर्षांत धावपट्टी कुठे गेली नव्हती, टर्मिनल जागेवर होतं, हजूर साहिबला येणारे भाविकही होते. मग अडलं कुठे?

'लहान गावात प्रवासीच नसतात हो,' हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. मला ते अर्धवट वाटतं. आज मला विमानांबद्दल बोलायचंय. कंपनीकडे ती किती आहेत, किती चालू आहेत, आणि एक बिघडलं तर दुसरं आहे का.

(स्क्रीनवर: ७७४ → ३७१ → ११२ → ५४)

हे आकडे सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालातले आहेत. उडानच्या निविदांच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग कंपन्यांना वाटले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी सरकारी सवलतीची तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि सरकारी आधार संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ५४. म्हणजे वाटलेल्या शंभरातले सात.

आता पहिली फेरी कोणाला मिळाली ते बघा. १२८ मार्ग, पाच कंपन्या. एअर ओडिशाला ५०, एअर डेक्कनला ३४. म्हणजे दोन तृतीयांश मार्ग अशा दोन कंपन्यांकडे, ज्यांची मदार होती बीचक्राफ्ट १९०० डी या अठरा-एकोणीस आसनी विमानावर. चांगलं विमान, वादच नाही. पण त्याचं उत्पादन २००२ मध्येच थांबलंय. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने मुंबई-जळगाव, मुंबई-नाशिक सुरू केलं तेव्हा जळगावात, नाशकात केवढा उत्साह होता! २०२० मध्ये कंपनीचा कारभारच थांबला.

आता जरा गणित करू. कंटाळा करू नका, सोपं आहे.

विमान ठरल्या वेळी तांत्रिक कारणाशिवाय सुटतंय की नाही, याचं एक मोजमाप असतं, डिस्पॅच रिलायबिलिटी. समजा ती ९९ टक्के आहे. शंभरातली ९९ उड्डाणं बिनतक्रार. ऐकायला झकास. आता आपल्या छोट्या कंपनीकडे तीन विमानं आहेत आणि प्रत्येक विमान दिवसाला आठ उड्डाणं करतंय. झाली चोवीस. चोवीसच्या चोवीस सुरळीत सुटण्याची शक्यता किती? सुमारे ७९ टक्के. म्हणजे ९९ टक्के भरवशाची विमानं असूनही, साधारण पाचातल्या एका दिवशी कुठेतरी काहीतरी अडणार.

आणि अडलं की एकट्या फेरीवर भागत नाही. सकाळी हैदराबादला जे विमान खोळंबलं, तेच नऊ वाजता नांदेडहून निघणार होतं, तेच दुपारी जळगावला जाणार होतं. त्यात लहान विमानतळ ठरावीक तासच उघडे असतात. जिथे रात्री उतरायची सोय नाही, तिथे सूर्य मावळला की खेळ खलास. विमान दुरुस्त झालं तरी शेवटची फेरी रद्दच.

एसटीच्या आगारात एखादी गाडी राखीव ठेवतात ना, तसं विमान राखीव ठेवायचं म्हटलं तर? तीन विमानांच्या कंपनीने एक बाजूला ठेवलं, तर एक तृतीयांश ताफा बसून राहिला. त्याचं भाडं मात्र दर महिन्याला जातंच, कारण यातली बहुतेक विमानं लीजवर असतात आणि लीज डॉलरमध्ये असते. तीस विमानांची कंपनी दोन राखीव ठेवते आणि तिला ते जाणवतही नाही.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. दोन मोठ्या नावांचं बघा. गो फर्स्ट आणि इंडिगो, दोघांकडेही प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनांची एअरबस विमानं. गो फर्स्टची जवळपास निम्मी विमानं इंजिनांअभावी उभी राहिली आणि मे २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिने खापर इंजिनांवर फोडलं, प्रॅटने ते साफ नाकारलं, तो वाद वेगळा. इंडिगोची सत्तरच्या वर विमानं अशाच इंजिनांपायी उभी होती. पण इंडिगोचा ताफा साडेतीनशेच्या घरातला. त्यांनी बाहेरून विमानं भाड्याने आणली आणि गाडा हाकला. इंजिनाचं दुखणं दोघांनाही झालं, पचवलं मोठ्या ताफ्याने.

(स्क्रीनवर: एटीआर ७२ चा फोटो)

आता छोट्या मार्गांवरच्या खऱ्या घोड्याकडे येऊ. एटीआर ७२. दोन पंख्यांचं, सत्तरएक आसनांचं, फ्रान्समधल्या तुलूझला जुळणारं. इंडिगोकडे आहे, सरकारी अलायन्स एअरकडे आहे, गोव्याच्या फ्लाय९१ कडे आहे. पंखे बघून लोक उगाच घाबरतात. अहो, कमी अंतरावर जेटपेक्षा याला इंधन बरंच कमी लागतं आणि छोट्या धावपट्टीवरही उतरतं, म्हणून तर ते तिथे आहे.

पण त्याचं आयुष्य कष्टाचं. विमानाची झीज नुसत्या तासांत मोजत नाहीत, सायकलमध्येही मोजतात. एक उड्डाण आणि एक उतरणं म्हणजे एक सायकल. मुंबई-लंडन विमान नऊ-दहा तासांत एक सायकल करतं. एटीआर तेवढ्या वेळात सात-आठ. प्रत्येक वेळी चाकं आपटणार, ब्रेक तापणार, केबिनमधला दाब चढणार-उतरणार, इंजिन पूर्ण ताकदीवर जाणार. टायर, ब्रेक, लँडिंग गिअर भराभर झिजतात. कोकणासारख्या किनाऱ्यावर खारी हवा आणखी भर घालते.

मग सुटे भाग लागतात. आणि इथे बाजार फारच अरुंद आहे. एटीआरचा जुना प्रतिस्पर्धी डॅश ८-४००, म्हणजे स्पाइसजेटकडचं क्यू४००, त्याचं उत्पादन २०२१ पासून थांबलेलं. एटीआर ७२ च्या आजच्या मॉडेलला इंजिन मिळतं एकाच कंपनीचं, प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं. भाग वेळेवर आला नाही तर काय करतात? उभ्या असलेल्या विमानातला काढून चालू विमानाला लावतात. बेकायदा नाही, नोंद ठेवून करतात. पण सवय लागली की हँगरमधलं ते विमान हळूहळू सांगाडा होतं आणि मग ते उठवायला जो खर्च येतो तो छोट्या कंपनीला झेपत नाही.

यात उडानची रचना भर घालते. सरकार तूट भरून देतं ते प्रत्यक्षात झालेल्या उड्डाणांवर. विमान उभं राहिलं की उड्डाण नाही, उड्डाण नाही की अनुदान नाही, आणि अनुदान नाही म्हटल्यावर सुटा भाग कशातून घ्यायचा? चक्र पूर्ण.

सिंधुदुर्गकरांना हे सगळं सांगायला नको. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं, मुंबईचं विमान आलं. तीन वर्षांचा करार संपला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सेवा थांबली. चाकरमान्याचा हिशोब साधा असतो. गणपतीला घरी पोचायचंय. विमान दोनदा रद्द झालं की तिसऱ्यांदा तो कोकण रेल्वेचंच तिकीट काढतो, विमान फुकट दिलं तरी. मग सीटा रिकाम्या जातात आणि आपण म्हणतो, प्रवासीच नाहीत!

बरं, सगळेच मार्ग वाचवावेत असंही माझं म्हणणं नाही. मुंबई-नाशिक विमान? मुळात कशाला? विमानतळावर तासभर आधी पोचा, तपासणी करा, पलीकडे ओझरच्या विमानतळावरून नाशिक गावात या. तेवढ्यात गाडीने माणूस घरी चहा पीत असतो. त्यात मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथली सकाळची वेळ अठरा जणांच्या विमानाला देणं परवडत नाही. नांदेडपर्यंत आता वंदे भारत जाते, समृद्धी महामार्ग पूर्ण झालाय. मुंबईकडे येणारे जवळचे मार्ग रेल्वेला आणि रस्त्याला सोडून द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सोलापूर-गोवा? जळगाव-गोवा? कोल्हापूर-हैदराबाद? हे आडवे मार्ग. रेल्वेने गेलात तर वळसे घालत रात्र जाते. इथे एटीआर तास-दीड तासात काम करतं. फ्लाय९१ ने जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा सुरू केलं ते याच हिशोबाने. उगाच नाही.

इलेक्ट्रिक विमानं, हायड्रोजनची विमानं येतील आणि सगळं स्वस्त होईल, असं कोणी म्हणालं तर इतकंच सांगा: युनिव्हर्सल हायड्रोजन कंपनीने मार्च २०२३ मध्ये हायड्रोजनवर चालणारं इंजिन बसवलेलं डॅश ८ उडवून दाखवलं आणि पुढच्याच वर्षी कंपनी बंद झाली. पुढची दहा वर्षं आपल्याला एटीआर आणि त्याच्या जातीच्या विमानांवरच काढायचीत.

मग करायचं काय? २०२५ च्या अर्थसंकल्पात सुधारित उडानची घोषणा झाली, दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं. माझी मागणी ठिकाणांच्या आकड्याबद्दल नाहीच. नॉर्वेत सरकार अनुदानाचे मार्ग निविदेने देतं, तेव्हा कंपनीच्या दोषाने किती उड्डाणं रद्द होऊ शकतात यावर करारातच मर्यादा असते. आपल्याकडे निविदेत एवढं विचारा: चालू विमानं किती, राखीव किती, सुट्या इंजिनाची सोय कोणाकडे? आणि अनुदानातला काही भाग सीटऐवजी राखीव विमानासाठी द्या. चार छोट्या कंपन्यांनी मिळून एक एटीआर हैदराबादला राखीव ठेवलं, तर प्रत्येकीवर पाव बोजा येईल. यात अडचणी आहेत. परवाना, वैमानिक, विमा, देखभालीची जबाबदारी, सगळं कंपनीनिहाय असतं आणि नियामकाला, म्हणजे डीजीसीएला, त्यासाठी वाट काढून द्यावी लागेल.

दरम्यान, तुमच्या जिल्ह्यात नव्या विमानसेवेचा नारळ फुटणार असेल तर तिकीट किती हे विचाराच. पण समोर खासदार, आमदार, कंपनीचे अधिकारी बसलेले असतील, तेव्हा हेही विचारा की हे विमान बिघडलं तर त्या दिवशी दुसरं कुठून येणार, आणि किती वाजता.