बिनपाण्याची

(दृश्य : पेठेतलं जुनं केशकर्तनालय. वस्तऱ्यात नवं ब्लेड बसतंय.)

कुणाला चारचौघांत झापलं, की आपण म्हणतो, त्याची बिनपाण्यानं केली. म्हणणारा मजेत असतो. न्हाव्याच्या पोराला मात्र हे वर्गात, तालमीत, लग्नाच्या पंगतीत ऐकून घ्यावं लागतं.

विनोदी नट राम नगरकर अशाच घरातले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात निळू फुल्यांच्या बरोबरीनं घडलेले. लोकांच्या लक्षात राहिले ते ‘रामनगरी’मुळे. आधी आत्मकथन, मग एकपात्री. १९८२ साली त्यावर हिंदी चित्रपटही आला, त्यात अमोल पालेकर होते.

स्टेजवर एकटा माणूस. सांगायला काय, तर आपली जात, आपलं घर, आपला संसार. आज याला स्टँडअप म्हणतात आणि शेजारी कॉफी ठेवून बघतात. फरक एवढाच, की नगरकरांच्या समोर पुण्याचा नाट्यरसिक बसलेला असे. तो बहुतेक कोणत्या घरांतला, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. ज्या शब्दानं हिणवलं, तोच शब्द त्यांनी त्या लोकांसमोर आपणहून उच्चारला.

तिकडे अमेरिकेत काळा स्टँडअप कॉमिक रिचर्ड प्रायर हेच करत होता. आजीच्या कुंटणखान्यात वाढलेला. घरातलं काही झाकलं नाही. काळ्यांना दिली जाणारी शिवी तर त्यानं १९७४च्या अल्बमच्या नावातच घातली. पुढं १९७९मध्ये केनियाला गेला. तिथं त्याच्या ध्यानात आलं, की इतक्या दिवसांत ती शिवी आपल्या तोंडी आलीच नाही. त्यानं ती सोडली.

(दृश्य : कॅफेतलं ओपन माइक. पंचवीसेक खुर्च्या.)

पुण्यातला कॉमिक प्रेक्षकाला नाव विचारतो. मग हळूच, ‘पूर्ण नाव?’ इथं आडनाव विचारणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. पहिल्या रांगेतून कोकणस्थ आडनाव येतं. चिकटपणावरचा विनोद ठरलेला. ज्याच्यावर झाला तोच मोठ्यानं हसतो. त्याचं जातंय काय? या आडनावाला घरमालकानं कधी ‘नंतर कळवतो’ म्हटलेलं नसतं.

मागून दुसरं एक आडनाव येतं. कॉमिक क्षणभर थांबतो आणि आईच्या डब्यावर वळतो. आई बिचारी घरी. तिला कुणी विचारलंय?

(दृश्य : पुन्हा दुकान.)

खुर्चीतलं गिऱ्हाईक गप्पिष्ट आहे. एक जुना विनोद त्याच्या ओठांवर येतो. गळ्यावर फेस आहे, फेसावर वस्तरा.

तो विषय बदलतो.